हळू बोलण्याचा वर्ग

कोल्हापूरच्या माणसाला हळू बोलायला शिकवायचं काम आपल्याच गळ्यात कसं पडलं, याचं राजमती मगदूम यांना अजूनही नवल वाटतं. इथं कुणी पाहुण्याला जेवायला थांबवून घेत असलं तरी परक्या माणसाला वाटावं, भांडण जुंपलंय. माया जितकी जास्त तितका आवाज मोठा, आणि आवाजाच्या मागोमाग हात येणारच, पाठीत थाप तरी पडणार नाहीतर दंडाला धरून ओढणं तरी. अशा गावात ही साठीला टेकलेली, गुडघ्यांनी बेजार झालेली बाई पोलिसांना आणि अग्निशामक दलाच्या जवानांना समोर बसवते आणि एकच वाक्य म्हणायला लावते. "घाबरू नको. मी इथं बसलोय." एवढंच, पण हळू.

ते कुणाला म्हणून जमत नाही. निम्मे जण कवायतीत हुकूम दिल्यासारखं ओरडतात, उरलेले भिंतीला कान असल्यासारखं कुजबुजतात. मग हशा पिकतो. सुरुवातीची काही वर्षं अक्काही त्यांच्याबरोबर हसायच्या. राजमतींना गल्लीत, वर्गात, सगळीकडं अक्काच म्हणतात. अलीकडं त्या हसत नसत. हशा ओसरेपर्यंत गुडघा चोळत बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, परत म्हणा."

या उपक्रमाला एक लांबलचक सरकारी वाटावं असं नाव आहे. संकटाच्या वेळी जे आधी धावून जातात त्यांना अपंगांना मदत कशी करायची ते शिकवणारा स्वयंसेवी उपक्रम, अशा अर्थाचं काहीतरी. ते नाव फक्त मागच्या फलकावर असतं. बाकी सगळे त्याला हळू बोलायचा वर्ग म्हणतात. तो चालू केला हंबीररावांनी. हे अग्निशामक दलातून निवृत्त झालेले अधिकारी, घरी दोन म्हशी, आणि उचगावात अक्कांच्या मालकांचं, म्हणजे धनपाल आण्णांचं, घराच्या खालीच सरकी पेंडीचं दुकान आहे तिथलं त्यांचं जुनं गिऱ्हाईक. पेंड न्यायला आलेले असताना त्यांनी सम्मेदचा सुजलेला गाल बघितला, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

सम्मेद हा अक्कांचा धाकटा. थोरली सोनल लग्न होऊन सांगलीला गेली. सम्मेद आता सव्वीस वर्षांचा, अंगानं बापासारखा धिप्पाड. तो स्वमग्न आहे. बोलता येतं, पण आपलं असं फारसं बोलत नाही; समोरचा जे म्हणेल तेच जसंच्या तसं परत देतो. हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकांचे आरसे त्याला फार आवडतात. एकदा तो असाच सदऱ्याच्या टोकानं एका ट्रकचा आरसा पुसत उभा होता. कुणीतरी चोर समजून आरडाओरडा केला आणि गस्तीवरचा पोलीस आला. त्यानं विचारलं, काय चोरलंस? सम्मेद म्हणाला, काय चोरलंस? पोलिसानं पुन्हा विचारलं, सम्मेदनं पुन्हा तेच परत केलं. हा गडी आपल्याला उलट बोलतोय असं पोलिसाला वाटलं, आणि त्यानं थोबाडीत ठेवून दिली. सम्मेदला कुणी अंगाला हात लावलेला सहन होत नाही, मायेनंही नाही. तो कानांवर हात ठेवून असा काही किंचाळला म्हणे, की ट्रकवाले जेवण टाकून धाब्यातून बाहेर आले.

तो पोलीस वाईट नव्हता. खरा प्रकार कळल्यावर घरी आला, खाली मान घालून बसला, आमाला कुणी सांगितलंच न्हाई म्हणाला. हंबीरराव तेव्हा दुकानातच होते. ते म्हणाले, ह्येच तर हाय. नोकरीत असताना त्यांनीही एका बहिऱ्या माणसाला पाठीमागून उचललं होतं, आणि त्यानं दरोडा पडलाय समजून त्यांचा दात पाडला होता. तो पडलेला दात दाखवून त्यांनी अक्कांना वर्गासाठी तयार केलं.

पहिली दोनतीन वर्षं अक्का अंगात वारं शिरल्यासारखं काम करत होत्या. सकाळचं स्वयंपाकपाणी उरकून सम्मेदला घेऊन केएमटीच्या बसनं कोल्हापूर गाठायचं. कधी पोलिसांच्या सभागृहात, कधी अग्निशामक केंद्रात, कधी पुराच्या वेळी बोटी चालवणाऱ्या पोरांसमोर उभं राहायचं. एक अंध गृहस्थ यायचे, ते सांगायचे की आमचा हात धरून ओढू नका, तुमचं कोपर आमच्या हातात द्या. मग अक्का सम्मेदबद्दल सांगायच्या. भोंगा बंद करा. हात लावू नका. प्रश्न विचारू नका, तुमचाच प्रश्न तुम्हाला परत मिळेल. गर्दी मागं हटवा. थोडं लांब खाली बसा आणि थांबा. थांबा म्हटलं की समोरच्या माणसांच्या कपाळावर आठी पडायची, कारण धावून जायचं हाच त्यांचा धंदा. आग लागल्यावर थांबायचं कसं, असं कुणीतरी हमखास विचारायचं. त्यावर अक्का म्हणायच्या, दोन मिनिटं थांबलात तर तो तुमच्या मागनं चालत येईल, ओढलंत तर तुमच्या हातात फक्त त्याचा सदरा राहील.

आणि मग बदल्यांचे हुकूम निघायचे. ज्यांना वाक्य जमायला लागलेलं असायचं ते गडहिंग्लजला, नेसरीकडं, कुठं कुठं जायचे आणि त्यांच्या जागी नवे, तितकेच मोठ्या आवाजाचे यायचे. अक्कांना वाटायचं, आपण पाटीवर लिहितोय आणि दरवर्षी कुणीतरी ती ओल्या फडक्यानं पुसतंय. हंबीररावांना त्याचं काही वाटत नसे. बदली झाली म्हणून काय झालं, गडी जाईल तिथं शिकवण घेऊन जाईल की, असं ते म्हणत. पण रोज बसच्या पायऱ्या चढायच्या होत्या अक्कांना, हंबीररावांना नव्हे.

सगळ्यात जास्त जीव खाल्ला असेल तर तो सत्कारांनी. कोल्हापुरात सत्काराशिवाय काहीच संपत नाही. तासभर घसा फोडून सांगायचं की याच्या अंगाला हात लावू नका, आणि शेवटी साहेबांनी उठायचं ते थेट सम्मेदच्या खांद्यावर शाल टाकायलाच. अक्का मध्ये पडून ती शाल आपल्या हातावर झेलायच्या. घरी ट्रंकभर शाली साठल्या होत्या. नारळांच्या बर्फ्या करून करून सोनलच्या सासरीसुद्धा लोक कंटाळले होते.

गेल्या वर्षी एका कार्यक्रमात कहर झाला. अक्का व्यासपीठावर बोलत होत्या आणि सम्मेद नेहमीसारखा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता. तेवढ्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं की प्रमुख पाहुण्यांबरोबर या पोरालाही फेटा बांधावा. फेटेवाल्यानं पाठीमागून येऊन कापड त्याच्या डोक्याभोवती गुंडाळायला सुरुवात केली. अक्कांना किंचाळीच ऐकू आली. त्या पोचेपर्यंत सम्मेद जमिनीवर पडून डोकं फरशीवर आपटत होता, आणि आताच वर्ग ऐकलेली माणसं त्याला धरायला चारी बाजूंनी धावत होती. सगळे एकदम ओरडत होते, हळू, हळू, त्येला हात लावू नका.

त्या दिवशी बसमध्ये अक्कांना रडू आलं नाही, नुसतं दमायला झालं. आपण या पोराला शिकवायला नेत नाही, दाखवायला नेतो, असं त्यांच्या मनात आलं आणि ते काही केल्या जाईना. त्यानं कधी येतो म्हटलं होतं? त्यानं ते म्हटलंही असतं तरी ते आपलंच वाक्य असणार होतं. घरी आल्यावर त्यांनी आण्णांना सांगून टाकलं की यापुढं सम्मेद वर्गाला यायचा नाही. आण्णा पोती मोजत होते. म्हणाले, मग तू तरी कशाला जातीस?

त्याचं उत्तर अक्कांकडं होतं, पण ते तोंडानं बोलायचं त्यांना धाडस होत नव्हतं. आपल्यामागं या पोराचं काय, हा एकच प्रश्न त्यांना वर्षानुवर्षं गावभर फिरवत होता. आज ना उद्या आपण नसू, आण्णा नसतील, सोनलचा संसार तिच्यामागं. सम्मेद असाच कुठं तरी उभा असेल आणि कुणीतरी त्याच्यासाठी धावून येईल. येणाऱ्याला त्याला कसं आणायचं ते माहीत असावं, इतकंच त्यांना हवं होतं. त्यापलीकडं त्यांनी देवाकडंही काही मागितलं नव्हतं.

गल्लीची मात्र त्यांना काळजी नव्हती. गल्लीत सम्मेद सगळ्यांचा होता. त्यात अमरसिंह तर विशेषच. हा समोरच्या बोळातला, तालमीत वाढलेला, चार म्हशी राखून घरोघर दूध घालणारा. रोज सकाळी किटली घेऊन आला की खालूनच हाक द्यायचा, "काय पावणं!" त्याचा आवाज हायवेपर्यंत जायचा. पण तो आवाज रोज त्याच वेळी, तेच दोन शब्द घेऊन यायचा, म्हणून सम्मेदला तो चालायचा. चालायचा काय, सम्मेद त्याची वाट बघत खिडकीत उभा असायचा आणि तितक्याच मोठ्यानं परत द्यायचा, काय पावणं. मग दोघंही खूश. सम्मेदला मित्र आहे का असं कुणी विचारलं असतं तर अक्कांनी अमरसिंहाचं नाव सांगितलं असतं.

यंदा हिवाळा सरता सरता रुग्णवाहिकेवरच्या माणसांचा वर्ग होता. अक्का एकट्याच गेल्या. सम्मेदला वरच्या खोलीत जेवायला घालून, आण्णांना दुकानातून लक्ष ठेवायला सांगून निघाल्या. त्या समोरच्यांना वाक्य म्हणायला लावत होत्या, तेवढ्यात आण्णांचा फोन आला. आण्णांना धड बोलता येत नव्हतं. आग लागली, विझली, सम्मेदला बाहेर काढलंय, तू ये, एवढंच कळलं.

रिक्षातून उतरल्यावर त्यांना आधी दिसली ती गर्दी. अख्खी गल्ली रस्त्यावर होती. अग्निशामक दलाची गाडी भोंगा बंद करून उभी होती. दुकानाच्या पायरीशी सम्मेद आडवा पडला होता, दोन्ही हात कानांवर, उजवा पाय नको तिथून वाकलेला. त्याच्यापासून थोड्या अंतरावर दलाचा एक जवान मातीत मांडी घालून, त्याच्याकडं न बघता, गप बसला होता. हा विश्वजित, गेल्या महिन्यातल्या वर्गात वाक्य न जमल्यामुळं सगळ्यात जास्त हसू झालेला. तो अगदी शिकवल्यासारखा बसला होता. गल्लीतली पोरं त्याच्याकडं बघून आपसांत म्हणत होती की आम्ही जीव टाकून काम केलं आणि हे साहेब आले ते निवांत बसले.

काय घडलं ते हळूहळू कळलं. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत ठिणग्या उडाल्या, शेजारचं एक पोतं धुमसायला लागलं, जिन्यात धूर झाला. आण्णांनी मेन स्विच पाडला आणि रस्त्यावर येऊन ओरडले, सम्मेद वर हाय. कोल्हापुरात एवढं ओरडलं की पुरतं. तालमीतली पोरं लंगोटावर धावली. अमरसिंह सगळ्यांच्या पुढं. वर सम्मेद रस्त्याकडच्या खिडकीत उभा होता. खिडकी सताड उघडी होती, तिथं धुराचं नावही नव्हतं. पण धडधडत वर आलेली माणसं बघून आणि सगळ्यांच्या तोंडी आपलंच नाव ऐकून तो मागच्या खोलीत पळाला आणि पलंगाखाली शिरला. चौघांनी पाय धरून त्याला बाहेर ओढला, उचलला आणि धुराच्या जिन्यातून खाली आणायला निघाले. जिन्यात त्यानं सगळं अंग पिळलं. तो सुटला आणि खाली गेला, त्याच्यावर दोघं पडले. नडगीचं हाड तिथं मोडलं.

गाडीवरच्या प्रमुखानं अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं की आग जिन्याच्या वर गेलीच नव्हती. तो खिडकीत उभा राहिला असता तरी चाललं असतं, आम्ही शिडी लावली असती. हे सांगताना तो अगदी हळू बोलत होता.

तेवढ्यात अमरसिंह पुढं आला. अंगभर काजळी, मनगटातून रक्त गळत होतं. चेहऱ्यावर असा आनंद, की अक्कांना त्याच्याकडं बघवेना.

"अक्का, चावला बगा मला," तो म्हणाला. "पर सोडला न्हाई मी त्येला."

अक्कांना वाटलं, याच्या कानाखाली ठेवून द्यावी. इतक्या वर्षांत कुठल्याही पोलिसाबद्दल त्यांना असं वाटलं नव्हतं. आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की हा माणूस धुरात शिरला तो आपल्या पोरासाठी, बाकी कशासाठी नव्हे. मागं तालमीतली पोरं धापा टाकत, शाबासकीची वाट बघत उभी होती. अक्कांनी हात जोडले. तुमचे उपकार कसे फेडू म्हणाल्या. शेजारणीला सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला आणि मग त्या विश्वजितच्या बाजूला, मातीत, दुखऱ्या गुडघ्यासकट खाली बसल्या. बऱ्याच वेळानं सम्मेदनं एका कानावरचा हात काढला. तेव्हा कुठं त्याला रुग्णवाहिकेत घालता आलं.

दवाखान्यात प्लास्टर होईस्तोवर सूर्य मावळला. त्यांचं घर जैन, सूर्यास्तानंतर तिथं अन्नपाणी घेत नाहीत. घरातल्या इतरांना अडीअडचणीला सूट असते, सम्मेदला नाही. त्याला नियम म्हणजे नियम. नर्सनं गोळी पुढं केली की तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा. उजाडेपर्यंत त्यानं ते दुखणं तसंच काढलं, आणि अक्कांनी त्याच्या पलंगापासून हातभर लांब बसून काढलं.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी खालून हाक आली, काय पावणं! सम्मेद खिडकीकडं गेला नाही. त्यानं प्लास्टरचा पाय फरफटत ओढला आणि पलंगाखाली जायला बघू लागला. तोंडानं नुसता आवाज येत होता, शब्द नव्हता. अक्कांनी खिडकीतून अमरसिंहाला हातानंच जा म्हणून खुणावलं. तो वर बघत उभा राहिला. त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग किटली पायरीवर ठेवून तो निघून गेला. त्यानंतर दूध रोज यायचं, हाक यायची नाही.

अक्कांना या शांततेचा जितका त्रास झाला तितका कधी गोंगाटाचा झाला नव्हता. पोराचा होता नव्हता तो एक मित्र गेला, आणि तो त्याला वाचवता वाचवता गेला. कुणावर राग धरावा हेही कळेना. हंबीररावांचे फोन यायचे. नवी तुकडी आलीये, तारीख द्या म्हणायचे. एकदा अक्कांनी सरळ सांगितलं, "हंबीरराव, दमलोय बघा मी आता. दुसरं कुणीतरी बघा." हंबीररावांनी पहिल्यांदाच आग्रह केला नाही. फोन ठेवून अक्का तशाच बसून राहिल्या. स्वयंपाक करायचा होता, कपडे वाळत टाकायचे होते, पण उठवेना. ट्रंकेतल्या सगळ्या शाली काढून कुणाला तरी देऊन टाकाव्यात असं त्यांच्या मनात आलं, आणि तेवढंही करायचा कंटाळा आला.

प्लास्टर निघायच्या सुमाराला एका सकाळी त्या दूध घ्यायला खाली आल्या तर अमरसिंह पायरीपाशी थांबलेला होता. मनगटावरची जखम भरून पांढरी खूण राहिली होती. तो नेहमीसारखा मोठ्यानं बोलायला गेला आणि एकदम खिडकीकडं बघून थांबला. मग घशातल्या घशात म्हणाला, "अक्का, एक इचारू? समद्या जिल्ह्याच्या पोलिसांस्नी शिकवलासा तुमी. आमास्नी का न्हाई शिकवलासा?"

अक्कांच्या हातात रिकामं भांडं होतं. त्यांच्या तोंडून निघालं, तुमाला तो माहीत होता की.

"त्यो म्हाईत हाय की आमास्नी. पर त्येला धरायचं न्हाई, ह्ये कुटं म्हाईत हुतं?" तो म्हणाला. "त्या दिवशी त्यो साहेब मातीत बसलेला. आमी हसलो त्येला. घरला गेल्यावर ध्येनात आलं, त्येला ठावं हुतं आनि आमास्नी न्हवतं. आग लागल्यावर गाडी यायच्या आदी आमीच येणार न्हवं?"

एवढं बोलून त्यानं भांड्यात दूध ओतलं आणि किटली उचलून तो चालू लागला. अक्का पायरीवर बसल्या. इतकी वर्षं गावभर सांगत फिरल्या की आधी धावून येणाऱ्याला शिकवलं पाहिजे. आणि आधी कोण धावून येतं हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गाडी वाटेत असते तोवर गल्ली पोचलेली असते. हे त्यांना सुचलं नव्हतं असं नाही. गल्लीला शिकवायचं त्यांनी मुद्दामच टाळलं होतं. सभागृहात सम्मेद म्हणजे शिकवायचं उदाहरण होता. निदान आपल्या गल्लीत तरी तो नुसता आण्णांचा पोरगा असावा, कुणी त्याच्याकडं धडा म्हणून बघू नये, असं त्यांना वाटत आलं होतं. तेवढी एकच जागा त्यांनी त्याच्यासाठी राखून ठेवली होती. आणि पाय मोडला तो तिथंच. आता मात्र त्यांना रडू आलं, आणि दूध घ्यायला आपापल्या दारात आलेल्या बायका बघत असूनही त्यांनी ते आवरलं नाही.

गल्लीचा वर्ग रविवारी तालमीत भरला. फलक नव्हता. अक्कांनी आधीच सांगून ठेवलं होतं की सत्कार केला तर मी अर्ध्यातून उठून जाईन. तरी कुणीतरी एक नारळ आणलाच होता, तो शेवटी हनुमानासमोर फोडला. लाल मातीच्या कडेला गल्ली दाटीवाटीनं बसली. बायकाही आल्या होत्या. सम्मेद आला नव्हता, त्याला कुणी आणायलाही सांगितलं नाही. अक्कांनी तेच सांगितलं जे त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. मग वाक्य म्हणायला लावलं. नेहमीसारखे निम्मे ओरडले, निम्मे कुजबुजले, हशा झाला. सगळ्यात वाईट अमरसिंहाचं. त्याच्या छातीतून हळू आवाज निघतच नव्हता. त्यानं म्हशींच्या गोठ्यात जाऊन सराव केला असं त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं. म्हशी बावरल्या म्हणे.

त्यानंतर तो रोज सकाळी किटली पायरीवर ठेवायचा, रस्त्याच्या पलीकडं जाऊन कट्ट्यावर बसायचा, खिडकीकडं पाठ करून. तिथूनच जमेल तितक्या हळू ते दोन शब्द म्हणायचा. थोडा वेळ थांबायचा आणि पुढच्या घरी जायचा. खिडकीत कुणी नसायचं. अक्का हे स्वयंपाकघरातून बघायच्या. खोटी आशा लावून घ्यायचीही आता ताकद राहिली नव्हती. कुठल्याशा दिवशी तोही दमेल आणि नुसतं दूध ठेवून जायला लागेल, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

पण तो काही दमला नाही. उन्हाळा लागला, सम्मेद काठी घेऊन घरात चालायला लागला, अमरसिंहाचं ते चालूच. एका दुपारी अक्का भाकऱ्या थापत होत्या. सम्मेद आतल्या खोलीत आरशासमोर उभा राहून काच सदऱ्याच्या टोकानं पुसत होता. गल्ली ऊन खात पडली होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आतून आवाज आला. अक्कांना आधी वाटलं, भास झाला. हात पिठात तसाच ठेवून त्या कान देऊन थांबल्या. तो पुन्हा म्हणाला, स्वतःशीच, अगदी हळू.

"काय पावणं."

त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. समोर कुणी नव्हतं, ज्याचं वाक्य त्यानं परत द्यावं. आणि आवाज खालच्या पट्टीतला, थोडा घोगरा होता, गोठ्यात म्हशींपुढं शिकलेला.

धावत जाऊन अमरसिंहाला सांगावं असं अक्कांना वाटलं. पण गुडघे दुखत होते आणि तव्यावर भाकरी होती. उद्या सकाळी तो येईलच, तेव्हा सांगू, असं म्हणून त्यांनी भाकरी उलटली. मग हंबीररावांना फोन लावला आणि पुढच्या वर्गाची तारीख विचारली.